चीफचा सात खळग्यांचा तवा

चीफ स्वयंपाकघरात उभे राहिले की दोन्ही पाय चांगले हातभर फाकवून उभे राहायचे. दोह्याच्या अल नस्रमधल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची फरशी काही हलत नव्हती. पण उभा जन्म बोटीवर स्वयंपाक केलेल्या माणसाला हे पटवणार कोण? आमचं स्वयंपाकघर म्हणजे केवढं, त्यात हे असे उभे. मला सिंकपाशी जायचं तर वळसा घालायलाही जागा नसायची. "पप्पा, सरका," म्हटलं की म्हणायचे, "बोटीच्या गॅलीत एकच कुक असतो. तू बाहेर बस."

नात्याने ते माझे सासरे. तोंडावर मी त्यांना पप्पा म्हणायची, पण वसईच्या आमच्या आळीपासून इथल्या बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना चीफच म्हणत. सासूबाई गेल्यावर माझ्या नवऱ्याने, मेल्विनने, त्यांना दोह्याला आणलं. येताना त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि एक बिडाचा तवाच जड होता. सात खोल खळग्यांचा. बोटीवरच्या डॅनिश स्टुअर्डने निवृत्त होताना दिलेला.

त्या तव्यावर वर्षातून एकदाच, नाताळच्या सकाळी, ते एब्लस्कीवर करायचे. डेन्मार्कच्या लोकांचे गोल पॅनकेक. नावात सफरचंद, आत सफरचंदाचा पत्ता नाही. "आमच्या वडापावातला वडा तरी सापडतो," असं मी एकदा म्हणाले, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेजारच्या नाशिकच्या कुलकर्णीवहिनी त्यांना 'ख्रिसमसचे आप्पे' म्हणत. ते तर चीफच्या डोक्यातच जायचं. "आप्पे उलटतात, वहिनी. हे वळवायचे असतात. फरक आहे."

आणि फरक होता. मैदा, अंडी, वेलची आणि खालच्या बकाल्याच्या दुकानातून आणलेलं लबान, म्हणजे इथलं ताक. पीठ खळग्यात पडलं, कड धरली, की विणायच्या सुईने पाव वळण द्यायचं. वरचं ओलं पीठ खाली ओघळतं. थांबायचं. पुन्हा पाव वळण. असं करत करत चेंडूसारखा गोळा होतो. मी एकदा हट्टाने सुई घेतली आणि घाईघाईत सातही गोळे फोडले. चीफनी ते सातही उभ्याउभ्या स्वतः खाल्ले आणि म्हणाले, "घाई करणाऱ्याने इडली करावी. झाकण ठेवलं की ती आपली आपण होते."

इथे नाताळला सुट्टी नसते. पंचवीस डिसेंबर हा कामाचा दिवस. मेल्विन सहाच्या आत साइटवर जायला निघायचा, म्हणून आमचा सणाचा नाश्ता पहाटे पाचला. रिया, माझी मुलगी, डोळे चोळत टेबलाशी यायची. पिठीसाखर, स्ट्रॉबेरीचा जाम, आणि मेल्विनच्या साइटवरच्या पोरांसाठी एक मोठा डबा वेगळा. "ग्रँडपा, वन मोअर," असं रिया म्हणायची आणि चीफ मराठीत म्हणायचे, "घे गं बाई, घे, पोट तुझं आहे." ही दोघं आयुष्यभर एकमेकांशी अशीच दोन भाषांत बोलली, आणि कधी काही अडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मेल्विन साइटवर चक्कर येऊन पडला तो उठलाच नाही. आम्ही त्याला वसईला नेलं, माती दिली आणि परत आलो. माझी हॉस्पिटलच्या बिलिंगमधली नोकरी होती, रियाची शाळा होती. मी रडले नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला आलाय! दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तशी मी आख्खी झाले होते. चीफ रडत होते का ते मी बघितलंसुद्धा नाही.

परत आल्यावर कळलं की चीफचा व्हिसा मेल्विनच्या नावावर होता, तो आता राहणार नाही. जानेवारीअखेर त्यांना जावं लागणार. मी आमच्या हॉस्पिटलच्या पीआरओच्या, व्हिसाचे कागद बघणाऱ्याच्या, मागे लागले. पेपर दिले, पत्रं दिली. तो केरळचा भला माणूस. "सिस्टर, ओन फादर होता तो देखते. फादर-इन-लॉ मुश्किल है. इन्शाल्ला, ट्राय करेंगे." इन्शाल्ला कधी हो असतं आणि कधी नाही असतं, हे इथे राहून कळतं. घरात आम्ही तिघंच उरलो होतो आणि तिघांतला एक जाणार होता. मी घरी येऊन सांगितलं. चीफ कांदा चिरत होते.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास," मी म्हटलं. आणि त्यांनी उरलेला कांदा चिरला.

आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षी नाताळचा फराळ करत नाहीत. दारात ताऱ्याचा कंदील लावत नाहीत. शेजारचे आणून देतील तेवढं गोड. मी चीफना आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, या वर्षी काही करायचं नाही. ते "बरं" म्हणाले होते. पंचवीसच्या पहाटे मला वेलचीच्या वासाने जाग आली. मी तशीच उठून गेले. चीफ पाय फाकवून उभे होते.

"पप्पा, दुखवटा आहे ना! घरात गोड करायचं नसतं, तुम्हाला मी सांगायला पाहिजे?"

"गोड कुठाय?" ते मागे न बघता म्हणाले. "साखरेचा कण घातला नाही. जाम कपाटात आहे. पोरीला दुखवटा कळतो, पण त्यासाठी उपाशी का राहायचं ते कळत नाही."

मी बसले. रिया आली, बसली. आम्ही ते बिनसाखरेचे गोळे खाल्ले. चव आठवत नाही. पावणेसहाला चीफनी डबा भरला, झाकण दाबलं, फडक्याने पुसला आणि दरवर्षीप्रमाणे दाराशी जाऊन उभे राहिले. डबा पुढे धरलेला. उभेच. त्यांच्या लक्षात कधी आलं देव जाणे, पण हात खाली येईना. शेवटी रिया उठली. "आय विल टेक इट, ग्रँडपा," म्हणाली, आणि डबा घेऊन खाली वॉचमनला देऊन आली. मी हे सगळं बघत होते. मला काही वाटलं नाही. खरं तेच सांगते, काहीही वाटलं नाही.

जानेवारीत त्यांना सोडायला विमानतळावर गेलो. व्हीलचेअर नको म्हणाले. आत जाताना थांबले आणि मला म्हणाले, "लीना, फोन करशील ना, तेव्हा रडत जा. मेल्विनला माती दिल्यापासून तू बँकेतल्या बाईसारखी बोलतेस. मला काही आता काम नसतं. मी ऐकत बसेन."

मी म्हटलं, "पप्पा, पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा."

दर शुक्रवारी आम्ही बोलायचो. विहिरीला पाणी किती, रियाला मार्क किती, इथे ऊन किती. ते मध्येच गप्प व्हायचे. वाट बघत असणार. मी विचारायची, "गोळ्या घेतल्या का?" आठ महिने मी गोळ्याच विचारल्या.

सप्टेंबरमध्ये वसईच्या घराशेजारच्या फिलूमावशीचा फोन आला. चीफ झोपेतच गेले. मी तिकीट काढलं, रजेचा अर्ज टाकला, रियाची बॅग भरली. सगळं नीट केलं, एक गोष्ट विसरले नाही. टॅक्सी यायला दहा मिनिटं होती. तेवढ्यात उगाच, काहीएक कारण नसताना, मी त्यांचा नंबर लावला.

फिलूमावशीने उचलला. "हॅलो? कोण?"

मी लीना म्हणणार होते. तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते काही नाव नव्हतं. रिया बाथरूममधून धावत आली, इतक्या मोठ्याने.

"हॅलो, कोण रडतंय? कोण बोलतंय?" मावशी विचारत राहिली. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं. फोन त्यांचा होता, आणि मी शेवटी रडत होते.