बियाळीण

कुसुम गेल्याचं मला हौसाक्कानं सांगितलं. माळव्याची पाटी दारात उतरवता उतरवता ती म्हणाली, "तुमच्या कांबळे मॅडम काल गेल्या की वो. तुमास्नी ठावं न्हाय?" मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि तिच्या मरणाची बातमी भाजीवालीला माझ्याआधी पोचलेली... रडू नंतर आलं. आधी पोटात दुखलं ते याचंच. दीड महिन्यानं हे लिहिताना लाज वाटते, पण कुसुमबद्दल लिहायचं तर ही पोटदुखी आधी सांगायला हवी.

आम्ही दोघी कोल्हापुरात एकाच शाळेत मराठी शिकवायचो. नव्वद सालानंतर कधीतरी, रस्त्यावर आणि दारोदार माल विकणाऱ्यांना काय काय म्हणतात ते शब्द जमवायची कल्पना निघाली. कल्पना माझी होती, हे इथं लिहून ठेवते. बोहारीण, वैराळ, अत्तार, बागवान... कोशातले शब्द मी एका सुट्टीत उतरवून काढले आणि मग सकाळी वही घेऊन फाटकात उभी राहिले. पहिली आली ती सुया-बिब्बे विकणारी. मी विचारलं, "तुमच्या लोकांत तुम्हाला काय म्हणतात?" ती फिसकारली, "अजून भवानी न्हाय झाली, आन् नाव कशाला इचारतायसा?" आणि चालू लागली. चहाला आलेली कुसुम तिच्यामागं गेली, सुयांची एक पुडी घेतली. बाईनं नाणं कपाळाला लावलं आणि माझ्याच पायरीवर येऊन जी बसली, ती अर्धा तास उठली नाही. कुसुमनं तिला एवढंच विचारलं होतं, "मावशी, तुमास्नी काय म्हणून हाक मारू?"

"दिवसाची पहिली विक्री झाल्याबिगर त्यांचं तोंड उघडत न्हाय गं," ती मला नंतर म्हणाली. "माझ्या आईनं पेठ वडगावच्या बाजारात जळण विकलंय. भवानी हुईस्तवर ती माझ्याशीसुद्धा बोलायची न्हाय." मग मीही आधी खरेदी करू लागले. घरात सुया, गाळण्या, केरसुण्या यांचा ढीग झाला, शब्द मात्र कुसुमच्याच वहीत जात राहिले. मी पैसे दिले की लगेच वही उघडायची, ती आधी पाणी द्यायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण पाण्याचा तांब्या हातात घेतला की वाटायचं, आपण हिची नक्कल करतोय... आणि तांब्या परत ठेवून द्यायची. पुढं पुढं शाळेतल्या मुलीही नवा शब्द मिळाला की कुसुमलाच शोधत यायच्या.

एका दुपारी तिनं शिक्षकांच्या खोलीत आठवड्यातले चार नवे शब्द वाचून दाखवले. सगळ्यांनी वाहवा केली. माझी पाटी कोरी. तेव्हा मी म्हणाले, "चंदगडकडं दारोदार काजू विकणाऱ्या बाईला बियाळीण म्हणतात. माझ्या आत्यानं सांगितलं." चंदगडला माझी आत्या नव्हती, कुणीच नव्हतं. शब्द मी त्या क्षणी बनवला होता. तिची वही एकदा तरी नासावी, एवढंच मनात होतं. कुसुमनं तो लगेच उतरवून घेतला. "काय गोड शब्द दिलास गं," म्हणाली. त्या मे महिन्यात ती एसटीनं चंदगडला जाऊन आली. माझ्यासाठी ओल्या काजूगरांची पिशवी आणली, शब्दाबद्दल अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं रोज ठरवायची, रोज राहून जायचं. मग निवृत्त झालो, भेटी कमी झाल्या आणि ते राहूनच गेलं.

ती गेल्यावर पंधरवड्यानं तिची मुलगी वही घेऊन आली. "आईनं तुम्हालाच द्यायला सांगितली होती, मावशी." प्रत्येक शब्दापुढं तो देणाऱ्याचं नाव होतं. मी ते पान काढलं. 'बियाळीण. दिला : मालतीनं. चंदगडात तीन गावं फिरले, कुणाला ठाऊक नाही.' खाली वेगळ्या शाईत : 'गंगूबाईंना सांगितला. त्यांना फार आवडला.' म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. गंगूबाई कोण, ते मात्र मला कळेना.

मागच्या आठवड्यात सकाळी गल्लीत हाक आली, "बियाळीण आली होऽऽ, काजू घ्या..." मी धावत जाऊन दार उघडलं. डोक्यावर पाटी घेतलेली साठीची बाई. आधी पावशेर काजू घेतले. तिनं नोट कपाळाला लावली. मग मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुणी दिला?"

"कांबळे मॅडमनी. आमच्या गंगूला सांगितलता, मग आम्ही समद्याच म्हणाय लागलो. पैलं लोकं 'ए काजू' म्हणून वरडायची. आता बियाळीण म्हणत्यात. नाव असलं की बरं वाटतंय, बाई."

"आणि मॅडमना कुणी दिला?"

"त्येंची कोण मैत्रीण हाय. लई हुशार हाय म्हणायच्या."

ती गेल्यावर वही काढून बसले. माझं खोटंसुद्धा मला नीट करता आलं नाही, तेही हिनं खरं करून टाकलं... पुन्हा पोटात दुखलं, आणि मग खूप रडले. 'दिला' या शब्दापुढचं माझं नाव खोडलं. तिचं लिहायला मात्र वेळ लागला. पेन टेकवून कितीतरी वेळ बसून होते. शेवटी लिहिलं, 'कुसुमनं.'