मूसचा वाटा

“माझा वाटा खाऊन झालाय,” असं म्हणून ताई ताट हलकेच परत सरकवायच्या.

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात त्या टेस्टिंगचं काम बघायच्या. पन्नाशीच्या, एकट्या. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, कुणी चिकन राइस पुढे केला की हे ठरलेलं उत्तर. आम्हाला वाटायचं, काही नवस असेल. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

एकदा आम्ही दोघीच जेवायला होतो. मी विचारलंच, “ताई, कसला वाटा?”

“मूसचा. आपल्या सांबराच्या कुळातला, पण घोड्याहून उंच.”

यजमानांच्या नोकरीमुळे त्या कॅनडाच्या उत्तरेला एका लहानशा गावात राहिल्या होत्या. तिथे हिवाळ्याआधी लोक मूसच्या शिकारीला जात आणि वर्षाचं मांस घरी आणत. शेजाऱ्याने यजमानांना बंदूक शिकवली, परवाना काढायला लावला. ताईंनी तोवर अंडंसुद्धा खाल्लं नव्हतं.

“मी जाणार नव्हते. पण ह्यांना एकटं कसं सोडायचं?”

सकाळी दलदलीच्या काठाला मूस आला. यजमानांनी एकच गोळी झाडली. तो लगेच पडला नाही. नुसता उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला.

“हे रडले गं. मग बाह्या वर करून कापायला लागले.”

कापडी पिशव्यांत भरलेलं मांस पाठीवरून गाडीपर्यंत आणायला दोन दिवस लागले. ताईंनीही खेपा घातल्या. चिखलात दोनदा बसल्या, यजमानांनी हात देऊन उठवलं. घरी ताईंनी पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर मराठीत लिहिलं: खिमा, रस्सा, पाहुण्यांसाठी.

त्याच डिसेंबरात यजमान झोपेतच गेले.

“शेजारी म्हणाले, मांस आम्ही नेतो. मी नाही म्हटलं. ह्यांनी पाठीवर आणलेलं, देऊन कसं टाकायचं? पहिला घास ओकून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवलं. सगळा हिवाळा तेच. शेवटी ‘पाहुण्यांसाठी’ तेवढं उरलं.”

“मग?”

“कोण येणार होतं? मीच खाल्लं.”

चोआ चू कांगला आमच्या ब्लॉकपासून त्या पाच मिनिटांवर राहायच्या. चार वर्षांत मी त्यांना एकदाही घरी बोलावलं नव्हतं. त्या रविवारी बोलावलं. त्यांनी वरणभात दोनदा मागून घेतला आणि हात पुसता पुसता सांगितलं, “इथला कामाचा पास संपतोय. पुढच्या महिन्यात नाशिकला, भावाकडे.”

आता त्या तिथेच असतात. फोनवर फार बोलत नाहीत. मला आठवतो तो रविवारच.

मूसची गोष्ट कानावर पडल्यावर माझ्या मुलीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं होतं, “आंटी, मूस हाऊ बिग आह?”

ताई उठल्या, टाचा उंचावल्या, हात जाईल तितका वर नेला. “खांदा इथे.”

मुलगी हसली आणि खेळायला पळालीसुद्धा. ताई मात्र हात वर धरून तशाच उभ्या होत्या.