संतिणीच्या कपाळावरचं गंध

सौदीतल्या दम्मामच्या उन्हाळ्यात बंद घराचा एसी बंद ठेवला, तर आतली प्लास्टिकची बादलीसुद्धा वाकडी होते. म्हणून शेजारचे म्हातारे इटालियन इंजिनिअर महिनाभर मायदेशी जाताना त्यांच्या आजीकडून आलेलं जुनं तैलचित्र आमच्याकडे ठेवून गेले. एक संतीण, तपकिरी झगा, डोळे वर लागलेले, ओठ अर्धवट उघडे, एक हात छातीवर. देवाशी एकरूप झाल्याचा क्षण आहे तो, असं त्यांनी मला समजावलं. मला ती नुसती दमलेली दिसली. पण त्या दिवसांत मला सगळंच दमलेलं दिसायचं.

सकाळी शाळेत शिकवायला जायचं, घरी येऊन वह्या तपासायच्या. नवरा प्लांटवर. लेकीला माझी आई सांभाळायची. ती नाशिकहून व्हिजिट व्हिसावर आली होती, 'जरा बाळ बसतं होईपर्यंत'. बाळ बसलं, रांगायला लागलं, आणि आम्ही आपले व्हिसा वाढवत राहिलो. आताही वाढवायचाच होता. आईला काय हवंय हे मी विचारत नव्हते. ती गेली तर माझी नोकरी सुटणार होती.

म्हातारे परत आले. पॅसेजमध्ये टांगलेल्या चित्राजवळ जाऊन वाकून बघायला लागले. मी पुढे होऊन बघितलं. संतिणीच्या कपाळावर चंदनाचं गंध, आणि त्याभोवतीचा रंग पांढुरका पडलेला. फडताळातल्या आपल्या देवांबरोबर आईने हिचीही पूजा चालवली होती. रोज ओल्या फडक्याने कालचं गंध पुसायचं, आजचं लावायचं. आणि मी रोज तिथूनच ये-जा करत होते, मान वर न करता.

लेकीला कडेवर घेऊन आई बाहेर आली. "अगं, देवाधर्माची बाई ती. घरात आलीये, तर पारोशी कशी ठेवायची?"

मी इंग्रजीत माफी मागत सुटले. म्हाताऱ्यांनी हातानेच मला थांबवलं. त्यांनी एकदा कपाळावरच्या डागाकडे बघितलं. मग म्हणाले, "आजी म्हणायची, हिला स्वर्ग दिसतोय. तुमच्या आईला काय वाटतं?"

मी आईला मराठीत विचारलं. लेक तिच्या कानातलं ओढत होती. ते सोडवत आई म्हणाली, "दिसतबिसत काही नाही. 'आता मला ने रे बाबा' म्हणतेय. मीपण गंध लावताना रोज हिला सांगते, मला आता घरी जाऊ दे."

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

"काय म्हणाल्या?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मी लेकीला आईच्या कडेवरून घेतलं. चांगलीच जड झाली होती.

"आई घरी जातेय," मी म्हटलं.