एक रडणं बाकी

कुंभार पिंपळगावच्या शिवारात कुणी वारलं की दोन माणसं पळत. एक मयताचं सामान आणायला बाजारात आणि दुसरं चांगुणाबाईला बोलवायला. ती पैसे-बिसे काही घेत नसे, हे आधीच सांगितलेलं बरं. चांगुणाबाई हेल काढून रडायची. मेलेल्याला नावानं हाका मारायच्या, त्याच्या जिण्यातल्या बारीकसारीक गोष्टी एकेक करून काढायच्या, सूर लावून रडायचं आणि भोवतीच्या बायांनी तो सूर उचलायचा, अशी ती रीत. ज्या सुनेनं सासूला जन्मात वेळेवर चहा दिला नाही, तीसुद्धा चांगुणाबाईचा हेल लागला की धाय मोकलून रडे. एखादी नुसताच पदर डोळ्याला लावून बसली, तर ते चांगुणाबाईला बारा हातांवरून कळे. तिथं ती काही बोलायची नाही. पण पुढं कधीतरी गिरणीवर, दळणाच्या रांगेत, त्या बाईला नेमका टोमणा बसायचा.

तिचे दोन नेम होते. मेलेल्याचं तोंड बघितल्याशिवाय हेल काढायचा नाही, हा पहिला. दुसरा, रडायला आलेल्याला उपाशी धाडायचं नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजार भाकऱ्या करून आणतो. त्यात चांगुणाबाईच्या भाकऱ्या डोळे झाकून ओळखू येत. तिच्या उजव्या हाताची करंगळी तरुणपणीच कडबाकुट्टीत गेलेली, त्यामुळं तिच्या भाकरीवर तीनच बोटांचे ठसे उमटत.

अशा बाईच्या वाट्याला काय यावं? एकवीस सालच्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा एकुलता एक पप्पू जालन्यात दवाखान्यात वारला. बत्तीस वर्षांचा गडी. मोसंबीची पिकअप चालवायचा, सोयरीक बघणं चालू होतं. मयत गावात आणूच दिलं नाही. नखशिखांत प्लास्टिक घातलेल्या चार माणसांनी प्लास्टिकात बांधलेल्या पप्पूला तिकडंच अग्नी दिला. पुतण्या तेवढा लांब रस्त्यावर उभा होता. चांगुणाबाईनं तोंड बघितलं नाही, म्हणून हेल निघाला नाही. बाया दारात यायला भीत होत्या, म्हणून सूर उचलायलाही कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून तीन दिवस बसून राहिली. पुढं लाट ओसरली, माणसं एकमेकांच्या दारी जाऊ लागली आणि मग गावाची जीभ सैल झाली. "जगाला रडली, पोटच्या पोराला न्हाई रडली बाई!" हे तिच्या कानावर आलं. तिनं ते गिळलं. त्यानंतरही ती लोकांच्या दारी रडायला जात राहिली आणि पहिल्यापेक्षा चांगली रडत राहिली, हेच मला जास्त भयंकर वाटतं.

शेजारच्या बद्रीनाथची मुलगी अर्पिता शहरातल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकत होती. शेवटच्या सत्रात प्रत्येकानं आपापला विषय घेऊन स्वतः संशोधन करायचं, पुस्तकातलं उतरवून चालायचं नाही, असा नियम. बाकीच्या पोरांनी गोंधळ, सोंगं असे नाचते-गाते विषय घेतले. हिनं गावच्या बायांचं रडणं घेतलं. मॅडम खूश झाल्या, अर्पिताही खूश झाली. त्या खुशीत तिला एवढंच सुचलं नाही, की रडणं मोबाइलवर घ्यायचं तर आधी कुणीतरी मेलं पाहिजे.

"आजी, थोडं करून दाखवा ना. दोनच मिनटं," ती चांगुणाबाईच्या ओट्यावर येऊन म्हणाली.

"काय करून दाखवू? रडून? कोण मेलंय?"

"कोणी न्हाई. नमुना म्हणून."

"जित्या घरात हेल काढीत नसतेत, पोरी. मरणाला वाटतंय, आपल्यालाच हाका मारून राह्यले."

झालं. पोरीनं सुट्टी वाढवली आणि वाट बघत बसली. वेशीजवळच्या अप्पारावांनी अंथरूण धरलं होतं. नव्वदी उलटलेली, अन्न तुटलेलं. कधी नव्हे ती अर्पिता रोज सकाळी त्यांची तब्येत विचारायला जाऊ लागली. चौथ्या दिवशी म्हातारा उशीवरूनच म्हणाला, "पोरी, तुझी तारीख कवा हाय?"

"कशाची, आबा?"

"परीक्षेची गं. जमत असंल तर बघतो की. पण माझं काय बराबर सांगता येत न्हाई."

घरातली माणसं फिदीफिदी हसली. अर्पिता लाजेनं काळवंडली आणि घरी येऊन जेवलीच नाही. आणि पुढच्या आठवड्यात अप्पाराव उठून बसले आणि त्यांनी झणझणीत वांग्याची भाजी मागितली.

तारखेला पंधरा दिवस उरले तेव्हा अर्पिता चांगुणाबाईच्या ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून रडली. अख्खं वर्ष वाया जाणार होतं. मग बाप पुढं शिकू देणार नव्हता. जांबकडचं एक स्थळ त्यानं हेरून ठेवलंच होतं. चांगुणाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. रडणं खरं होतं, पण स्वतःपुरतं होतं.

"तिथं तुझं हे बघायला किती माणसं असतेत?" तिनं विचारलं.

"असतील की पन्नास. सगळा विभागच असतो," अर्पितानं अंदाजानं ठोकून दिलं.

"बाया असतेत?"

"असतेत ना."

"अन् हेल त्यांना नीट ऐकू जातोय? मशिनीतून?"

"लई मोठ्यानं जातोय."

चांगुणाबाईनं मनाशी हिशेब केला. पप्पूला जाळताना चार माणसं होती, तीही नाव ठाऊक नसलेली. पन्नास म्हणजे गावच्या पुढाऱ्याच्या मयताला असतात तेवढ्या बाया झाल्या. मग ती म्हणाली, "माझ्याकडं एक रडणं बाकी हाय. पप्पूचं. ते घे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्पितानं घरात मोबाइल लावला. तोंड बघायचा नेम मोडायचा होता, म्हणून चांगुणाबाईनं ट्रंकेतून पप्पूचा निळा शर्ट काढून मांडीवर घेतला. थोडा वेळ नुसतीच कॉलर सारखी करत बसली. अर्पिताला वाटलं, आता होत नाही. आणि एकदम हेल निघाला.

"माझ्या पप्पूऽऽ रं... चप्पल दारात सोडून गेलास, माझ्या राजाऽऽ, अनवाणी कसा चाललास... आंघोळीचं पाणी तापून निवलं रं बाबाऽऽ, हाक कवा मारशील... पाच वर्सं कुणी रडलं न्हाई रं तुला, माझ्या वासराऽऽ, आता सगळा गोतावळा रडून राह्यलाय, ऐक..."

सतरा मिनिटं. हेल थांबवून प्रत्येक वेळी ती उचलणाऱ्या बायांसाठी जागा सोडत होती आणि त्या जागेत फक्त पंख्याचा आवाज येत होता. अर्पिता मोबाइलमागं उभी होती, चित्र हलू नये म्हणून श्वास रोखून. तिचं सगळं लक्ष बॅटरीकडं होतं.

रडून झाल्यावर चांगुणाबाई उठली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि म्हणाली, "तू बी घरी जाऊन आंघोळ कर. अन् त्या फोनवर पाण्याचा हात फिरव. मयतात होता तो."

जायच्या दिवशी, आई-बाप शेतात गेल्यावर, ती अर्पिताच्या दारी आली ती डोक्यावर गाठोडं घेऊन. लाल काठाच्या फडक्यात पंचवीस भाकऱ्या आणि तेलाशिवायची चटणी. "अर्धी-अर्धी वाटून दे सगळ्यांना. माझ्या पप्पूपायी रडतील अन् उपाशी जातील, असं बरं न्हाई."

अर्पिता गांगरली. परीक्षेत भाकऱ्या कशा वाटायच्या? तरी गाठोडं घेऊन ती अंबडवरून शहराकडं जाणाऱ्या बसमध्ये बसली.

परीक्षेच्या दिवशी चांगुणाबाईनं चूल पेटवली नाही. सकाळी अकराला परीक्षा आहे हे तिनं विचारून ठेवलं होतं. अकरापासून ती ओट्यावर बसून राहिली. कुणी हटकलं तर म्हणाली, "आज पप्पूचं हाय." लोकांना वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या जिवाला जरा हलकं वाटत होतं. आता बाया बसल्या असतील, आता पहिल्या हेलाला एखादीनं पदर लावला असेल, असं ती मनातल्या मनात लावत गेली, आणि संध्याकाळी गार पाणी पिऊन झोपली.

चार दिवसांनी अर्पिता आली. पास झाली होती. चांगुणाबाईच्या पाया पडली.

"रडले का गं?"

"रडले, आजी. सगळेच रडले."

"भाकऱ्या पुरल्या?"

"बराबर पुरल्या."

अर्पिता बोलत होती उंबऱ्याशी. चांगुणाबाईनं आयुष्यभर माणसांचे डोळे बघितले होते; पण त्या दिवशी तिला बघायचंच नसावं. "बरं झालं माय," ती म्हणाली. "फडकं तेवढं दे मंग. मयताचं हाय, धुवून ठेवावं लागतंय."

"देते. बॅगेत हाय," म्हणून अर्पिता पळाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी फडकं येईना, तेव्हा चांगुणाबाई स्वतःच गेली. अर्पिताची आई नंदाबाई गोठ्यात घमेलं पुढं घेऊन म्हशीसाठी काहीतरी कुस्करत बसली होती. खुंटीला लाल काठाचं फडकं.

"या मावशी, या!" नंदाबाईला काहीच ठाऊक नव्हतं, आनंदाच्या भरात तिनं भाकरीवरची बोटंही बघितली नव्हती. "पास झाली बघा. मी उगंच भीत होते. तीनच तर मास्तर होते म्हणं, दुसरं कोणीच न्हाई. दोन मिनटं बघितलं अन् म्हणले, समजलं, पुढचं दाखवा. जल्दीच आटोपलं. अन् येडी पोरगी होस्टेलवरनं ह्या भाकऱ्या घेऊन आली. लाकडासारख्या झाल्यात. म्हटलं, म्हशीला तरी भिजवून घालाव्यात."

चांगुणाबाईनं घमेल्यात बघितलं. वरच्याच भाकरीवर तीन बोटं उमटलेली होती.

ती खाली बसली. अजून न भिजलेली एक भाकरी तिनं उचलली, पदरानं पुसली, मोडली आणि अर्धी तोंडात घातली.

"अवं मावशी, शिळी कशापायी खाता? ताजी देते की!"

"असू दे," चांगुणाबाई म्हणाली. "पप्पूची हाय."

नंदाबाईचा हात घमेल्यातच थांबला. तेवढ्यात दारातून बारीक आवाज आला. अर्पिता चौकटीला धरून उभी होती. पदर नाही, ओढणी नाही, हाताचा आडोसासुद्धा नाही. तोंड उघडं टाकून रडत होती. चांगुणाबाईनं मान वर करून तिला नीट बघितलं. चूक काढायला जागा नव्हती. पन्नासातली एक तरी होती.

तिनं उरलेली अर्धी भाकरी पुढं केली.

"घे, पोरी. रडायला आलेल्याला उपाशी धाडीत नसतेत."

अर्पितानं ती घेतली. भाकरी इतकी कडक झाली होती की दातानं तुटेना. तरी ती चावत राहिली, आणि म्हैस घमेल्याकडं बघून दाव्याला हिसके देत राहिली.