उंदीरमामांची आळीपाळी

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या उंदीरमामांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा आधी त्यांचा वास आला, मग मिशा आल्या आणि बऱ्याच वेळाने बाकीचे मामा आले. मिशा इतक्या रुंद, की प्राणीघराच्या दारातून ते तिरकेच बाहेर पडत असावेत. खिशातून एक गुलाबी शेपटी लोंबत होती.

"चपला काढा," ते कुजबुजले. "आत पोटुशा आहेत."

पोटुशा म्हणजे चाळीस गाभण उंदरिणी. माझ्या पीएचडीची सगळी मदार त्यांच्यावर. निम्म्यांच्या पिंजऱ्यांवर लाल चिठ्ठी, निम्म्यांच्या पांढरी. लाल चिठ्ठीवाल्यांना रोज दोन तास मायक्रोवेव्ह लहरींच्या पेटीत बसवायचं. पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांना तशाच पेटीत, पण लहरी बंद ठेवून. पुढे नर पिल्लं मोठी झाली की त्यांची वृषणं तोलायची, शुक्रजंतू मोजायचे आणि दोन्ही गटांत फरक पडतो का ते पाहायचं. पेटीत बसवण्याचं काम मामांचं. बाहेर काढलेल्या प्रत्येकीला ते "दमलीस का गं?" विचारत आणि उत्तराची वाटही पाहत.

दोन वर्षांनी मी आकडे माझ्या मार्गदर्शक सरांपुढे ठेवले. दोन्ही गट इतके सारखे, की सरांनी तीनदा चष्मा पुसला.

"एकदा प्राणीघरात विचारून ये," ते म्हणाले.

मी गेलो.

"मामा, चालू पेटीत रोज लालवाल्याच बसत होत्या ना?"

"रोज त्याच? छे! आळीपाळीने. आज लाल, उद्या पांढऱ्या."

"का पण?"

"अहो, एकीच्याच नशिबी रोज कशाला? मला चार मुली आहेत. कधी दुजाभाव केला नाही."

"वहीत तर तसं नाही."

"वहीत तुम्ही सांगितलेलंच लिहिलं. तुमचं मन कशाला मोडा?"

मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. मामांनी स्टूल पुढे केलं, मी बसलो. समोर एक उंदीर नळीतून पाणी पीत होता. त्याचं पिऊन होईपर्यंत मी बघत राहिलो.

"काही चुकलं का हो?"

"नाही मामा."

"चहा घेता?"

घेतला. गरम होता की गार, सांगता येणार नाही.

मामांची बदली काचसामानाच्या भांडारात झाली. उरलेले उंदीर नियमाप्रमाणे मारले, लाल-पांढरे एकत्रच. पोटातल्या नरांवर त्या लहरींचा काही परिणाम होतो की नाही, ते आम्हाला कळलं नाही. माझी पीएचडी झाली नाही.