हुरड्याला निघालो आणि नवरदेवाला उलटं नेऊन पोचवलं

गाडी माझी नाही, हे आधीच सांगून टाकते. ती माझ्या धाकट्या भावाची, नितीनची. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी परदेशात पाठवलं, आणि जाताना तो किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा तरी चालव. उभी राहून बॅटरी उतरते." गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत ती आली त्या दिवसापासून शेजाऱ्यांच्या दोन स्कूटर आणि एक तुळशीची कुंडी कायमची हलली. लांबीला तशी बरी आहे, पण रुंदीला अशी, की आरशातून बघितलं तर मागे आणखी कुणाची तरी गाडी जोडल्यासारखं वाटतं. आमची स्वतःची गाडी छोटी. तिच्यावर पंधरा वर्षं हात बसलेला, आणि रिव्हर्स म्हणजे फाटकातून बाहेर येईपर्यंत. त्यापुढं मी कधी उलटी गेले नव्हते.

आमच्या घरात लांबच्या प्रवासाला गाडी नेहमी सुधाकर, म्हणजे माझे मिस्टर, चालवतात. दिवाळीत त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी चार महिने गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. गाडीत बसून सूचना द्यायला मात्र मनाई केली नाही. ती करायला हवी होती.

अशात त्यांचे जुने सहकारी भाऊसाहेब यांचा फोन आला. वाळूजच्या कंपनीतून निवृत्त होऊन ते आता कन्नड तालुक्यात लोणेवाडीला शेती करतात. "हुरडा आलाय, या रविवारी. आठवडा गेला की ज्वारी टणक होईल, मग नुसती कणसं बघत बसा." छोट्या गाडीत सुधाकरांना गुडघे मुडपून बसता येत नव्हतं. रुंद गाडीची सीट मात्र छान मागं कलते. म्हणून आम्ही ती काढली.

(आतल्या लहान गावांची नावं मी बदलली आहेत. का, ते पुढं कळेल.)

सकाळी थंडीतच निघालो. क्रांती चौक, नगर नाका, छावणी, मिटमिटा. इथपर्यंत शहरातला रस्ता ऐसपैस आणि मी खुशीत. पुढं दौलताबादला मात्र तो दरवाजा आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटबंदीतल्या दगडी कमानीतूनच जातो. बांधणाऱ्यांनी हत्तीचा विचार केला असावा, पण समोरून दुसरा हत्ती येईल याचा केलेला दिसत नाही. समोर टमटम, मागं हॉर्न, मध्ये मी.

"आरसे मिट," सुधाकर म्हणाले.

"मिटले."

"डावीकडं घे. जास्त नको. अगं, तेवढं पण कमी नको."

"अहो, नक्की किती?"

"मी चालवत असतो ना, तेवढं."

टमटमवाल्यानं डोकं बाहेर काढून गाडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॅडम, एवढी गाडी आहे का दुकान आहे?" असं म्हणून त्यानं स्वतःच मागं घेतलं. कमान ओलांडल्यावर मी गाडी कडेला घेतली आणि धडधड थांबेपर्यंत पेरू विकत घेतले. दौलताबादचे पेरू या दिवसांत घ्याच. मीठ-तिखट लावून देतात.

खुलताबादचा घाट सोपा निघाला. वेरूळला लेण्यांसमोर सहलीच्या बसेसची गर्दी असते, म्हणून चहासाठी तिथं न थांबता पुढच्या एका साध्या हॉटेलात थांबलो. गरम भजी, तळलेली मिरची आणि दोन-दोन कप चहा. टीप म्हणून लिहून ठेवते: डिझेल कन्नडलाच भरून घ्या, पुढं आतल्या रस्त्याला पंप नाही. मोबाईलची रेंजसुद्धा तिथंच मनसोक्त वापरून घ्या.

कन्नड सोडून लोणेवाडीच्या फाट्याला वळलो आणि डांबर बारीक होत गेलं. कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. एका बाजूला रस्त्यावर झुकलेला ऊस, दुसऱ्या बाजूला पाण्याची चारी, तिच्या काठावर बाभळी. गाडीचे सेन्सर दोन्ही बाजूंच्या फांद्या बघून जे ओरडायला लागले ते थांबेचनात. ट्यँ, ट्यँ, ट्यँ. मध्येच मेंढरांचा कळप लागला. मेंढरं गाडीच्या दोन्ही अंगांनी घासत गेली. पाच-दहा मिनिटं आम्ही लोकरीच्या पुरात उभे. मेंढरांमागची बाई काचेवर टकटक करून म्हणाली, "ताई, फुडं बिनघोर जा. पर पिंपरखेडच्या फुडं पुलावर जपून. पार लई बारीक हाय."

पिंपरखेडात लग्न होतं. रस्त्यालगत मांडव, मारुतीच्या देवळापाशी बँडवाले बसलेले, स्पीकरवर सनई. त्यापुढं तो पूल लागला. पूल म्हणजे ओढ्यावर टाकलेल्या सिमेंटच्या नळ्या आणि वर स्लॅब. कठडा नाही. मी पहिल्या गिअरमध्ये, श्वास रोखून, सुधाकरांच्या "सरळ, सरळ, सरळ"च्या गजरात तो पार केला. पलीकडं गेल्यावर म्हणाले, "जमलं की." मला वाटलं, आता दिवसभराचं संकट संपलं.

थोडं पुढं वळण होतं. वळणावर झेंडूच्या माळा घातलेली एक जीप, बॉनेट उघडं, आणि त्यातून वाफा.

रस्ता एवढाच की जीप आणि ऊस यांच्यामध्ये सायकलही गेली नसती. ड्रायव्हर पाण्याची कळशी शोधत होता. जीपच्या बाजूला फेटा बांधलेला, मुंडावळ्या लावलेला, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरलेला नवरदेव उभा होता. त्याच्याशेजारी जरीच्या साडीतली त्याची बहीण, करवली. आणि रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात कमरेवर ठेवून, त्यांचे मामा.

वऱ्हाड टेंपोत बसून पहाटेच पुढं गेलं होतं. हे चौघं वाटेत कुलदैवताच्या दर्शनाला थांबले म्हणून मागं राहिले. पिंपरखेडातला मुहूर्त साडेबाराचा. घड्याळात बारा वाजायला आलेले. फोनला रेंज नाही.

"चालत गेलं तर?" सुधाकरांनी विचारलं. "दीडेक किलोमीटर असेल."

मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की मलाच लाज वाटली. "सायेब, नवरदेव पायी? धुळीनं भरलेला? आमच्या भावकीत हे जन्मभर सांगतील. तुमची गाडी हाय की रिकामी."

"गाडी आहे," मी म्हणाले, "पण तोंड इकडं आहे. वळवायला जागाच नाही."

"मंग उलटी घ्या."

किती सहज म्हणाले! मी सुधाकरांकडं बघितलं. त्यांनी कमरेवर हात ठेवला. त्यांना मान वळवून मागं बघताच येत नव्हतं. जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "मला असली गाडी येत नाय ताई, मी जीपवालाच." मामांना ट्रॅक्टर येत होता. नवरदेवाला मोटरसायकल.

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. तो पुढं आला आणि हळूच म्हणाला, "ताई, नवरीचे वडील नाहीत. आजोबांनी सगळं केलंय. मुहूर्त टळला तर म्हातारा मनाला लावून घेईल." बस, एवढंच.

मी म्हणाले, "बसा."

मधल्या सीटवर नवरदेव आणि मामा बसले. फेटा छताला लागेना, तेव्हा मामा पहिल्यांदा हसले. "व्हय, गाडी हाय मात्र ऐसपैस." सकाळपासून त्या गाडीला चांगलं म्हणणारा हा पहिलाच माणूस. मागचं नीट दिसावं म्हणून करवली डिकी उघडून तिथंच बसली. नाव तिचं सुनीता. डिकी वर गेल्यामुळं तिच्यावरचा रिव्हर्सचा कॅमेराही वर गेला, आणि समोरच्या पडद्यावर निळं आभाळ आणि एक घार दिसू लागली.

"सुनीता, तूच सांग आता," मी ओरडले आणि क्लच सोडला.

"उजवीकडं घ्या!"

मी उजवीकडं घेतली. बाभळीचा काटा काचेवरून करकरत गेला.

"आवो उजवीकडं!"

"उजवीकडंच घेतेय!"

"माझ्या उजवीकडं!"

ती मागं तोंड करून बसलेली. तिचं उजवं ते माझं डावं. मामांनी कपाळावर हात मारला. मग नवरदेवानंच तोडगा काढला. "सुने, ऊस आन चारी म्हन." तेव्हापासून उजवं-डावं संपलं. "ऊस, ऊस, ऊस... बास! आता चारी, थोडी चारी... ताई, चारी म्हनलं म्हनून चारीत नका घालू!" अशा घोषात आम्ही मागं मागं जायला लागलो. गाडी आधी सापासारखी वळवळत होती. हळूहळू कळायला लागलं, की स्टिअरिंग जेवढं कमी हलवावं तेवढी ती सरळ जाते. माझी मान इतका वेळ मागं वळलेली होती, की नवरदेवाचं नाक आणि मामांची मिशी मला आजही तंतोतंत आठवते.

आणि सुधाकर? एक शब्द नाही. ब्रेक दाब नाही, हळू नाही, काही नाही.

पुलापाशी मी थांबले. पुढून येताना निदान स्लॅबच्या कडा दिसत होत्या. मागून येताना काहीच दिसत नव्हतं. मी म्हणाले, "सगळ्यांनी उतरा. मी एकटीच नेते." मामा उतरले, सुनीता उतरली, नवरदेव उतरला. सुधाकर बसून राहिले. मला वाटलं, उतरायला-चढायला त्रास होतो म्हणून.

नवरदेव पूल ओलांडून पलीकडं रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं कट्यार उंच धरली. आरशात मला फेटा, मुंडावळ्या आणि कट्यारीच्या टोकाचं लिंबू दिसत होतं. लिंबू उसाकडं गेलं की मी उसाकडं. लिंबू थांबलं की मी थांबायची. सुनीता गुडघ्यांवर बसून मागच्या चाकाकडं बघत होती, जरीच्या साडीची पर्वा न करता. "या... या... ताई थांबा! चाक कडंला हाय!" अर्धा हात पुढं घेतली, सरळ केली, पुन्हा मागं. खाली ओढ्याचं पाणी वाजत होतं. मग एकदम चाकांचा आवाज बदलला. सिमेंट संपून डांबर लागलं होतं. मामांनी ओढ्याच्या पलीकडून अशी शिट्टी मारली, की झाडावरचे बगळे उडाले.

पुढचं सगळं गमतीचं. पिंपरखेडात बँडवाले जीप कधी येतेय म्हणून रस्त्याकडं डोळे लावून बसले होते. त्यांना दिसली एक अवाढव्य पांढरी गाडी, पाठमोरी, डिकी सताड उघडी, आणि डिकीत बसलेला नवरदेव. पुलानंतर तो मधल्या सीटवर परत गेलाच नाही, बहिणीशेजारी बसला. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग ढोलवाल्यानं टिपरी उचलली आणि जो दणका सुरू झाला! सवाष्णी आरतीचं ताट घेऊन गाडीच्या पुढच्या बाजूला गेल्या, तिथं मी दिसले, तेव्हा वळसा घालून मागं आल्या. नवरदेवाला ओवाळलं आणि हातासरशी गाडीच्या मागच्या बंपरलाही हळदकुंकू लावलं.

नवरीचे आजोबा काठी टेकत आले. मुहूर्ताला थोडा अवकाश होता. त्यांनी नवरदेवाच्या गालावरून हात फिरवला, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमी कोन, कुठल्या?"

"गारखेड्याच्या. हुरड्याला निघालो होतो."

"मंग आधी जेवा. हुरडा काय पळून जातोय का?"

अक्षता टाकल्या. पंगतीत वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी आणि ताटात मावणार नाही एवढी बुंदी. वाढणाऱ्याला थांबवायची सोय नव्हती. निघताना मी स्टेजवर गेले. नवरीनं माझा हात धरून ठेवला आणि कानात म्हणाली, "मॅडम, मी बी कन्नडला गाडी शिकलेय. लायसन हाय. पर रिव्हर्स लई घाबरवतंय."

नवरदेव म्हणाला, "मी शिकवीन की."

"याला कुठं येतंय!" मागून मामा बोलले, आणि स्टेजवरचे सगळे फोटो हसताना आले.

तोवर ट्रॅक्टर लावून जीप ओढून काढली होती. आम्ही तोच पूल तिसऱ्यांदा ओलांडला, तोंड पुढं करून, आणि दुपार कलता कलता लोणेवाडीला पोचलो. भाऊसाहेबांनी आगटीवर कणसं भाजली. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पोटात जागा नव्हती तरी खाल्लं. कोवळा हुरडा तळहातावर चोळून तोंडात टाकायचा असतो, त्यासाठी भूक लागत नाही. तुम्ही जाणार असाल तर एवढं करा: सकाळी लवकर निघा, छोटी गाडी न्या, आणि लग्नाची तिथी बघून जा. बघून टाळा, असं मी म्हणणार नाही.

परत येताना दिवेलागणीला गारखेड्यात पोचलो. दुसऱ्या दिवशी नितीनचा व्हिडिओ कॉल आला. त्याला दोन्ही बाजूंचे काट्यांचे ओरखडे दाखवले, सगळी हकीकत सांगितली. तो आधी गाडीसाठी कळवळला, मग पोट धरून हसला.

माझी मान तीन दिवस एकाच बाजूला वळत होती. चौथ्या दिवशी सुधाकर तेल चोळून देत होते, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी दौलताबादला एवढं बोलत होतात. पुलावर तोंडातून शब्द नाही. का हो?"

"डोळे मिटले होते."

मला हसू आवरेना. "एवढी भीती वाटत होती, तर मग बाकीच्यांसारखं उतरायचं की. कंबर दुखत होती?"

त्यांनी आणखी थोडं तेल तळहातावर घेतलं.

"कंबर ठीक होती," ते म्हणाले. "उतरता आलं असतं मला. पण मग तू एकटीच राहिली असतीस."