तयार कान

मला सूर कळत नाही. आवाज बारीक झाला की सूर वर गेला आणि जाड झाला की खाली आला, एवढं समजतं. पण तो जागेवर आहे की घसरलाय, हे मला कधीच ऐकू आलेलं नाही. काहींना हिरवा आणि तांबडा रंग वेगळे दिसत नाहीत, तसंच हे. पण अशा माणसाला साड्यांच्या दुकानात रंग निवडायला कुणी बसवत नाही. मी मात्र नारायण पेठेत दोन खोल्या घेऊन गाण्याची कंपनी काढली, गायकांचे कार्यक्रम ठरवले, त्यांची ध्वनिमुद्रणं आधी कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर काढत आलो. आणि गाणं ऐकणाऱ्या पुणेकरांत माझी ख्याती काय, तर यांचा कान तयार आहे.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी गाण्याच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसतं तोंड हलव." पुढं आयुष्यभर मी तेच केलं. तोंडाऐवजी मान हलवली, इतकाच फरक.

सुरुवात कॅसेटच्या दुकानात विक्रेता म्हणून झाली. कोण काय ऐकतं हे मला पटकन कळायचं. मग एका गायकाचे कार्यक्रम ठरवून दिले, मग दुसऱ्याचे. कोणत्या सभागृहाचा माइक खरखरतो, कोणाला गाण्याआधी ताक चालत नाही, कोणत्या दोन वादकांना एका गाडीत बसवायचं नाही, हे सगळं मला तोंडपाठ असे. त्या कामाची मला लाज नाही. ते मी चोख केलं. लाज वाटते ती दाद देण्याची. पुण्यात पहिल्या रांगेत बसून गप्प राहिलं तर माणूस अडाणी ठरतो आणि चुकीच्या जागी 'वा' म्हटलं तर त्याहून अडाणी ठरतो. मी शेजारच्याची मान हलली की माझी हलवायचो. जरा उशिरा हलायची. लोकांना वाटायचं, हा विचार करून दाद देतो.

माझी खरी सोय झाली ती आमच्या पेटीवाल्या बुवांमुळे. बुवा ताईंच्या साथीला असायचे. ताई म्हणजे माझ्या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या गायिका. खरं सांगायचं तर माझी कंपनी म्हणजेच ताई. बाकीचे आले आणि गेले. तर या बुवांची डावी भुवई सूर उतरला की वर जायची. बोटं पेटीवर, चेहरा दगडासारखा, आणि भुवई वर. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवसापासून मी स्टुडिओत काचेच्या अलीकडे अशा जागी बसू लागलो की भुवई दिसावी. ध्वनिमुद्रण संपलं की मी डोळे मिटून थोडा वेळ बसायचो आणि म्हणायचो, "ताई, दुसऱ्या अंतऱ्यात जरा बघू या पुन्हा." ताई ऐकून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर आहे तुमचं." बुवा काही बोलायचे नाहीत. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, ते त्यांनी मला कळू दिलं नाही, आणि गेल्या वर्षी ते वारले. स्मशानात सगळे म्हणत होते की ताईंची साथ गेली. मी मनात म्हणत होतो, माझा कान गेला. बुवांसाठी रडताना मी स्वतःसाठी रडत होतो, हेही इथं लिहून टाकतो.

त्याच सुमारास ताईंना कमी ऐकू यायला लागलं. त्यांनी कानात मशीन बसवून घेतलं. बोललेलं कळायचं, पण गाणं त्यातून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं, म्हणायच्या. स्वतःचा तंबोरा लावायलाही त्या आपल्या एका शिष्येला बसवू लागल्या. तरी त्यांना शेवटचा एक राग, पूरिया, ध्वनिमुद्रित करायचा होता. त्यांच्या गुरूंनी दिलेली बंदिश होती, आणि ती त्यांनी कधी बाहेर गायली नव्हती.

स्टुडिओत पेटीला त्यांची तीच शिष्या होती. गुणी मुलगी, पण चेहरा असा की त्यावरून ऊन पडलंय की पाऊस तेही कळू नये. ताई दोनदा गायल्या. गाऊन बाहेर आल्या, शाल सारखी केली आणि मला म्हणाल्या, "हे मला आता कळत नाही. सुरात असेल तरच बाहेर जाऊ द्या. नसेल तर पुसून टाका. मला वाईट वाटणार नाही. पण बेसूर असं माझं काही मागं राहायला नको. तुमच्यावर सोडते."

मी "हो" म्हटलं. कसं म्हटलं, मला माहीत नाही. माझी नजर काचेपलीकडे भुवई शोधत होती. तिथं ती मुलगी पेटीवर कापड घालत होती. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडे पाहिलं. दुसरा टेक चालू असताना त्यानं समाधानानं मान हलवलेली मी पाहिली होती. बुडत्याला काडीचा आधार तसा मी त्या मानेला धरून राहिलो.

घरी मी दोन्ही टेक कितीतरी वेळा ऐकले. हेडफोन लावून ऐकले, डोळे मिटून ऐकले. मला दोन्ही सारखेच. बायकोला ठाऊक आहे माझं सगळं. ती म्हणाली, "अहो, सर्दी झालेल्या माणसानं दूध नासलंय का ते सांगू नये. कुणाला तरी विचारा." विचारायला माणसं होती. त्या शिष्येलाच एक फोन केला असता तरी झालं असतं. पण ज्याच्या कानावर ताईंनी सगळं सोडलं, त्यानं त्यांच्याच शिष्येला विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकलेलीच ठेवली आणि दुसरा टेक बाहेर काढला.

काही दिवसांनी मंडईत मेथीची जुडी बघत होतो. ताईंचे एक जुने श्रोते भेटले. ते म्हणाले, "ऐकला तुमचा पूरिया. तुम्ही काढलाय म्हणून शेवटपर्यंत ऐकला." एवढंच म्हणाले आणि वांगी निवडायला लागले. पुण्यात याहून जास्त बोलायची पद्धत नाही. माझ्या हातातली जुडी मी तशीच ठेवून दिली.

तेव्हा कुठं मी त्या शिष्येला फोन केला. ती म्हणाली, "काका, पहिला एकदम सुरात होता. दुसऱ्यात ताई दमल्या होत्या, वरचा सा लागतच नव्हता. मला वाटलं, तुम्ही काहीतरी विचार करून दुसरा घेतला असेल. तुमच्यापुढं मी कशी बोलणार?" ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारलं, दुसऱ्याला मान का हलवली होतीस? तो म्हणाला, "सर, पहिल्यात एसीचा थोडा आवाज येत होता. दुसऱ्यात तो गेला म्हणून."

मी दुसरा टेक काढून टाकला आणि शनिवार पेठेत ताईंकडे गेलो. त्यांना आधीच कळलं होतं. मंडईतले तेच गृहस्थ असतील किंवा दुसरं कुणी. आपल्याकडे अशी बातमी द्यायला माणसं चपला घालून तयारच असतात. शिष्या समोर बसली होती. ताईंनी मला पाणी दिलं आणि चहा टाकू का विचारलं. त्या रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"ताई, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पहिला टेक चांगला होता. मी चुकीचा निवडला."

"तुम्ही चुकीचा निवडाल?" ताई हसल्या.

मग मी ते बोललो. "ताई, मला सूर कळत नाही. कधीच कळला नाही. मी बुवांच्या चेहऱ्याकडे बघून सांगत होतो. इतकी वर्षं."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठायला सांगतील. मी त्याची वाट बघत होतो, अगदी मनापासून. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"माझ्यासाठी एवढं खोटं बोलू नका हो," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या कानाबद्दल असं बोलू नये, पाप लागतं. मला कळलंय. दोन्ही वाईट होते. त्यातल्या त्यात बरा तुम्ही निवडलात. पुसून टाकायचं तुमच्या जिवावर आलं असेल, एवढंच."

"नाही ताई, पहिला खरंच सुरात आहे. हिला विचारा."

"हिनंही तेच सांगितलं. शिष्य दुसरं काय सांगणार?"

मी मोबाइल काढला. पहिला टेक त्यात होता. मी म्हटलं, एकदा ऐका तरी. त्यांनी कानातल्या मशीनवर बोट टेकवलं आणि नकारार्थी मान हलवली. "यातून मला काय कळणार? कळणारा माणूस एकच होता माझ्याकडे, आणि तो दुसरा टेक घेऊन गेला. मग पहिला काय असेल, ते मला समजायला नको का? तोही पुसा. मी आता गात नाही. हिला शिकवीन, बस झालं."

मी खूप बोललो. शपथ घेतली, बुवांची भुवई सांगितली, शाळेतली प्रार्थना सांगितली. जितकं खरं सांगत गेलो तितके ताईंचे डोळे भरून येत होते. हा माणूस आपलं दुःख हलकं करायला स्वतःची अब्रू घालवतोय, असं त्यांना वाटत होतं. मी इतकी वर्षं खोटा कान इतक्या इमानानं मिरवला होता की आता खरं सांगायची सोयच उरली नव्हती. शिष्या खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होती. तिला सगळं पटलं होतं. त्या खोलीत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

मी निघायला उठलो. ताईही गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिला म्हणाल्या, "बघून ठेव. मी एवढी मोठी झाले ती यांच्या कानामुळे, आणि थांबतेय तीही यांच्या कानामुळेच. यांना नमस्कार कर."

त्या मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती पुढे आली आणि वाकली. ताई आमच्याकडे बघत होत्या, म्हणून मी पाय मागे घेतले नाहीत.